न निघणारं झाकण

उरवड्याच्या कारखान्यात मी बाटल्यांची डिझाइनं करायचो. दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. आमच्या शाम्पूच्या रिकाम्या बाटल्यांत कुणीतरी नकली माल भरून विकत होतं. मालक म्हणाले, "एकदा बसलं की निघू नये, असं झाकण कर." मी पंपाच्या झाकणाला आतून उलटे दात दिले.

नवी बाटली पास करायची आमची रीत होती. ती रस्त्यापलीकडच्या भंगारवाल्याला उघडायला द्यायची. त्याला जमलं नाही तर पास. त्याला मात्र झाकण काढावंच लागे. तो बाटल्या दळून प्लास्टिकचा चुरा विकायचा, आणि पंपातली लोखंडी स्प्रिंग दळायच्या मशीनमध्ये गेली की पातं तुटायचं.

जमीन विकून त्यानं ती शेड टाकली होती. भंगार निवडायला बायको. मी नव्या बाटल्यांचं पोतं नेलं तेव्हा त्यानं पक्कड लावली, दातांनी ओढलं.

"सायेब, खजिना ठिवलाय का ह्यात?"

"बघा जमतंय का." मी हसत होतो.

"आता गळाच उडवतो हिचा." त्यानं कोयता उचलला. "धर गं."

"अवं, निसटंल. गोल हाय ती."

"धर म्हन्लं ना."

पहिला घाव घसरून बाटलीखालच्या ओंडक्यात रुतला. दुसरा बाटलीच्या खांद्यावरून घसरला आणि बायकोचा अंगठा तुटून ओंडक्यावर राहिला. ती किंचाळली तशी त्यानं तिच्या कमरेत लाथ घातली. "हात हलवलास कशाला?" मग तो त्या बाटलीवरच घाव घालत सुटला. रक्त माझ्या पँटवर उडलं. झाकण बसलेलंच होतं.

मी त्याला धरलं नाही. शेजारच्यांनी तिला टेम्पोत घालून पिरंगुटच्या दवाखान्यात नेलं. मी कारखान्यात परतून सांगितलं, "उघडत नाही."

आजवर सांगितलं नाही ते हे. माझ्या पहिल्या चित्रात झाकणाला एक बारीक खाच होती. तिथं दाबलं की झाकण तुटून पंपासकट निघालं असतं; पुन्हा बसलं नसतं, म्हणजे नकली मालालाही आळा बसला असता, आणि बाटली सरळ दळायला गेली असती. पण भंगारवाल्यानं उघडली म्हणजे नापास, म्हणून ती खाच मीच पुसली होती. कोयता वर गेला तेव्हाही मला ती आठवत होती.

पुढं भंगारवाल्याची बायको फाट्यावर भेटली. पदराखाली हात.

"सायेब, बाटली बदलली का?"

"न्हाई," मी म्हणालो, तिच्याच बोलीत.

"मंग आता दुसऱ्या हातानं धरते," ती म्हणाली आणि शेडकडं वळली.