काचकड्याचं इंजिन

हरिबा रंगारी बोलायला कंजूष आणि रंग लावायला सढळ. लोणंद स्टेशनातले सिग्नलचे खांब, फाटकं, कंदील, सगळ्यांवर त्याचाच हात फिरलेला. आमचे हे तिथे तारबाबू, म्हणून आमची बिऱ्हाडं समोरासमोर. हरिबाची बायको मागेच वारलेली, एकुलता नाथाजी फौजेत. हरिबा आपली भाकरी आपणच थापायचा आणि दाराकडे पाठ करून जेवायचा. मला ते बघवायचं नाही.

लढाई संपायच्या आदल्या वर्षी नाथाजी ब्रह्मदेशात मारला गेला. तार आमच्या ह्यांनीच घेतली. हरिबा ना रडला, ना त्याने रजा घेतली. काय दगड माणूस आहे, असं मी ह्यांना म्हणालेसुद्धा.

लढाई संपल्यावर एका दुपारी हा दगड आमच्या मागच्या दारी आला. हातात पंचात गुंडाळलेलं खेळण्यातलं इंजिन, काचकड्याचं म्हणजे सेल्युलॉइडचं.

"वैनीसाहेब, ह्याचा रंग काडायचाय. पर ह्याला इजा व्हता कामा न्हाई."

"रंगारी तुम्ही, आणि मला विचारता?" मी फटकारलं.

"आमी लोखंडाचा रंग जाळून काडतो, न्हाईतर कास्टिक लावतो. ह्यो पडला काचकडा. जाळ दिसला की भक्कन पेटंल, स्पिरिट लावलं तर इरगाळंल. तुमच्या घरात धुयाला-घासायला असतंय, त्यातलं कायतरी सांगा."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. शाळकरी नाथाजीने बापाच्या उरलेल्या हिरव्या रंगाने हे इंजिन स्वतः रंगवलं होतं. वाळेपर्यंत दम कुठला! उचलायला गेला आणि टपावर अंगठा उमटला. पुढे खंडेनवमीला हरिबाच्या कुंचल्या-खरवडण्यांशेजारी तेही पूजेला बसायचं. नाथाजी फौजेत गेल्यावर हरिबा दर खंडेनवमीला हत्यारांच्या मुठींबरोबर इंजिनालाही रंगाचा नवा हात देऊ लागला. पोरगं रजेवर आलं की त्याला ते झळझळीत दिसावं, एवढीच हौस. अंगठा खाली बुजला. नाथाजीचा एकही फोटो नव्हता.

स्वतःच्या हाताने बुजवलंत, म्हणून मी आधी चिडले, मग उठून रिठे काढले. रिठ्याचं पाणी करून दिलं, पण त्याने नुसता मळ निघाला. मग कोमट पाण्यात पापडखार विरघळवला. हरिबाने त्याचा एक थेंब इंजिनाच्या पोटाखाली लावला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला. काचकडा चिकट झाला नाही, पांढराही पडला नाही, तेव्हाच त्याने वरच्या अंगाला हात घातला. ओली चिंधी ठेवायची, रंग फुगला की दातवणाच्या चेचलेल्या काडीने सोडवायचा, लगेच चांगल्या पाण्याने धुवायचं. पापडखार हाताला चावतो म्हणून मी त्याला एरंडेल लावायला लावलं. माझी चूल पेटली की तो इंजिन घेऊन पार कुंपणाशी जाऊन बसायचा.

सगळ्यात वर काळा थर होता.

"ह्यो तार आली त्या सालचा," तो म्हणाला.

"तार आल्यावरही रंग दिलात?"

"खंडेनवमी हुती."

काळ्याखाली तांबडा निघाला. "ह्यो नाथाजी अंबाल्याच्या छावणीत हुता तवाचा." एकेक थर तो असा उलगडत गेला. ह्या माणसाला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आणि मग हिरवा दिसला. आता पापडखार हिरव्यालाही खाणार, ह्या भीतीने माझा जीव टांगणीला. हरिबाने खार बाजूला सारला आणि त्यावरचा उरलेला थर नुसत्या पाण्याने, नखाने, श्वास रोखून काढला.

अंगठा होता! रेघ न् रेघ शाबूत. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली.

हरिबाने त्यावर आपला अंगठा टेकवला. खालचा पार झाकून गेला. त्याने हात काढला आणि इंजिन उजेडाकडे धरलं.

"लय बारका हाय, वैनीसाहेब."

"अहो, पोर होतं ते. बारकाच असणार."

"व्हय. पर ह्यो बारका कवा मला सोडून गेलाच न्हाई. गेला त्यो मोठा. त्याचं माज्याकडं कायबी न्हाई."