ऐंशी अक्षरं, चोवीस ओळी

अनंता खुर्चीत बसला की आधी कॉम्प्युटरचा पडदा बोटांनी मोजायचा. आडवी ऐंशी अक्षरं, उभ्या चोवीस ओळी. मग माझ्याकडे वळून म्हणायचा, "हातूंत मावना असें कितें आसा, तें सांग." यात मावणार नाही असं काही नाहीच, हा त्याचा दावा.

गोवा राज्य झाल्याला वर्ष-दोन वर्षं झाली होती. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या ऑफिसात आम्ही दोघं होतो. मी मोजणी कारकून, तो पेडण्याकडच्या कोरगावहून रोज बसने येणारा कॉम्प्युटर ऑपरेटर, अजून तात्पुरता. यंत्राला चित्र काढता येत नसे. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, एवढंच. अनंता त्या अक्षरांचीच चित्रं करी. चहावाल्याची सायकल त्याने दोन शून्यं आणि तिरक्या रेघांतून काढली. मॅनेजरसाहेबांच्या मिशीला टक्क्याचं चिन्ह लावलं, आणि साहेब मागे उभे असलेले त्याला दिसले नाहीत. साहेब हसले नाहीत.

पावसाळ्यात पाणी उपसायला माणसं खाणीच्या तळाशी उतरत. वरची मातीची भिंत भिजून सुटू नये म्हणून मी तिची मापं घेऊन यंत्रात भरायचो. कागदावर ते आकड्यांचे रकाने कोणी वाचत नसे. अनंता म्हणाला, "आंकडे कोण वाचता रे? दोळ्यांक दिसूंक जाय." माझ्या मापांवरून त्याने भिंतीचा उभा छेद पडद्यावर उतरवला, एका मीटरला एक अक्षर, आडवं आणि उभं सारखंच.

भिंत जवळजवळ सरळ उभी दिसली. अनंता छत्री न घेताच खाणीच्या काठाकडे धावला. "बाबलीदादा, मानसां वयर काड! आत्तांच!"

बाबलीदादा फोरमन, सावंतवाडीकडचा. त्याने काही न विचारता अकराही माणसं वर घेतली. पंप बंद पडले आणि संध्याकाळपर्यंत त्यांतले दोन पाण्याखाली गेले. भिंत मात्र जागची हलली नाही.

मी आकडे पुन्हा तपासले, ते बरोबर होते. अनंताने पडद्यावर दहा बाय दहा अक्षरांचा चौकोन काढला आणि त्याला पट्टी लावली. चौकोन रुंदीच्या दुप्पट उंच भरला. अक्षरच मुळी उभट! त्यामुळे चित्रात भिंतीचा उतार दुप्पट खडा झाला होता. तो कपाळाला हात लावून बसला. "देवा रे, हांवें उतरण आसा थंय कडो उबो केलो."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "आकडे चुकले की चित्र?"

माझं नुकतंच लग्न झालं होतं, नोकरी घालवायची नव्हती. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

"चित्र, साहेब," अनंता म्हणाला. "ह्याचे आकडे बरोबर आहेत. अक्षराची उंची मी मोजली नाही."

"मापात चूक झाली म्हणाला असतास, तर मला काय कळणार होतं?"

"तुम्हाला नसतं कळलं. पण मग चित्र तसंच राहिलं असतं, आणि माणसं उतरवायची की नाही ते बाबलीदादा त्यावरूनच ठरवणार."

महिनाअखेरीस त्याची मुदत वाढवली नाही. शेवटच्या दिवशी सामान आवरायचं सोडून तो चित्र दुरुस्त करत बसला. आडव्या मीटरला दोन अक्षरं, उभ्याला एक. मग बाबलीदादाला बोलावून घेतलं.

बाबलीदादा पडद्यासमोर वाकला. "मेल्या, माझे दोन पंप बुडयलंस."

"बुडयले."

"आता ह्येच्यार भरवसो ठेवू?"

"माझ्यार नाका ठेवू. तू रोज भिंत बघतंस. तशीच दिसता काय सांग."

बाबलीदादाची नजर भिंतीच्या माथ्यापासून तळापर्यंत उतरली. मग डाव्या बाजूच्या एका फुगवट्यावर त्याने बोट टेकवलं. "हयसर पाणी झिरपता. माका ठावक होतां, पण सायबाक सांगूक येय नाय होतां."

त्याने साहेबांना हाताला धरून आणलं आणि ते बोट पुन्हा तिथेच ठेवलं. साहेबांनी त्या बाजूचं काम थांबवलं. दुसऱ्या पाळीची माणसं खाली उतरण्याआधी ओल्या पायांनी आत येऊन रांगेने पडदा बघून गेली. तोपर्यंत अनंताला घेऊन पेडण्याची बस निघून गेली होती.