तिसऱ्या मजल्यावरची गोवरी

हॉटेलात राहायला जाताना घरून गोवरी घेऊन जाणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. गोंदियाच्या त्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंनी आरसे होते, त्यामुळे एकदम तीन पाहिल्या. तिघींच्या काखेत तीच कापडी पिशवी, तिघींच्या तोंडावर तोच शहाणपणा.

ती बाई म्हणजे मीच, बारा-पंधरा वर्षांपूर्वीची. पन्नाशीतली. आता इकडून बघताना पन्नाशी म्हणजे पोरवयच वाटतं, आणि त्या पोरीचं मला फार हसू येतं. तिला सगळंच माहीत होतं. धानाची रोवणी कधी धरायची, मोहफुलं किती वाळवायची, कोणत्या जावेचं कोणत्या जावेशी काऊन पटत नाही. जे माहीत नसायचं त्याबद्दल तर ती आणखी ठासून बोलायची.

आम्ही देवरीच्या पलीकडचे, जंगलाला लागून आमचं गाव. माझी लेक शेतीचं शिकली होती आणि एका बियाणे कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत सकाळी, त्याच हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये. आणि आमची पहिली बस गोंदियात पोचते तोवर साहेब लोकांचा दुसरा चहा झालेला असतो. म्हणून नागपूरच्या भाच्यानं मोबाइलवरून आदल्या दिवसाची खोली धरून दिली. मुलाखत घेणारे साहेबही तिथंच उतरणार होते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

लेकीच्या डोक्यात सगळं होतं, पण तोंडातून काही निघत नसे. घरात एवढी बोलणारी माय असल्यावर तिच्या वाट्याला बोलणं उरणार तरी किती. आधी दोनदा ती मुलाखतींना गेली आणि दोन्ही वेळा साहेबांच्या टेबलाचे पाय बघून परत आली. यावेळी बसमध्ये बसताना, पोचवायला आलेल्या बापाला म्हणाली, "बाबा, हे शेवटचं. नाही झालं तर मी आपली रोवणीले जातो. पुन्हा कोणी मले पाठवू नका."

उत्तर बापानं द्यायचं होतं. मी बोलले. सडक अर्जुनीचा फाटा मागे पडला तरी मी बोलतच होते.

आता गोवरीचं सांगते. आमच्याकडे नव्या घरात पहिल्यांदा झोपायचं तर आधी दिवेलागणीला कोपरा न्‌ कोपरा धुपवतात. गोवरीचा तुकडा पेटवायचा, त्यावर सालईचा डिंक टाकायचा आणि तो धूर घरभर फिरवायचा. आधी कोण राहून गेलं, कोणतं दुःख ठेवून गेलं, आपल्याला काय ठाऊक. मी विचार केला, घरात एखाददुसरा माणूस राहून गेलेला असतो, हॉटेलात तर रोज नवा. म्हणजे तिथं धुपणी दुप्पट पाहिजे. विचारात चूक कुठं आहे ते मला अजूनही सांगता येत नाही.

हॉटेल सगळं व्यापाऱ्यांचं. राइस मिलची यंत्रं विकणारे, खतांचे एजंट, एका हातात बॅग आणि दुसरा हात कानाला. काउंटरवरच्या बाईनं हिंदीत बरंच समजावलं आणि चावी म्हणून पत्त्यांतल्या पानासारखं एक कार्ड दिलं. मी मान हलवली. न ऐकता मान हलवण्यात मी तेव्हा फार पुढे होते.

खोली झकास होती. पांढरीशुभ्र चादर, थंड हवा, साबणाच्या एवढ्याशा वड्या. फक्त न्हाणीघराला भिंतीऐवजी काच. पलंगावर बसलेल्या माणसाला आंघोळ करणारा माणूस आरपार दिसावा अशी सोय कोणी आणि कायले केली असेल, याचा मी उभ्या उभ्या विचार केला आणि पिशवीतलं लुगडं काढून काचेवर टांगलं, खिडकीचा जाड पडदाही ओढून घेतला. मग लेक आंघोळीला गेली. मी बघते तर चावी दाराजवळच्या भिंतीत खोचलेली. चावी काय अशी भिंतीला टांगून ठेवायची असते? मी ती काढली आणि कमरेला खोचली.

अंधार.

"माय, लाइन गेली का?" आतून लेक.

"हाव. गोंदियातही जाते बाई. आपल्यासारखंच आहे इथं."

मला तर बरंच वाटलं. एवढं मोठं शहर, पण वागायला आमच्या गावासारखं. लेक साबण लावलेल्या अंगानं अंधारात उभी, मी पलंगावर बसून सरकारला शिव्या घालत होते. शेवटी दाराखालच्या फटीतून बाहेरचा उजेड दिसला तेव्हा मी दार उघडून मॅनेजरला हाक मारली. तो आला, भिंतीतल्या रिकाम्या खाचेकडे पाहिलं, मग माझ्या कमरेकडे.

"माताजी, कार्ड."

मी कार्ड दिलं, त्यानं ते खाचेत खोचलं. उजेड आला. तो गेला, आणि मला तेव्हाही वाटलं की बिचाऱ्याला लाइन आणायला बरं जमतं.

मग लेकीची तालीम. मी साहेब झाले. खुर्चीत बसले, उशी पोटाशी धरली म्हणजे पोट साहेबासारखं दिसावं.

"बोला बाई, धानावर कोणकोणते रोग पडते?"

लेक पुटपुटली.

"मोठ्यानं. साहेबाले कमी ऐकू येते."

"माय, तू अशी बसली तर मले हसू येते."

"मंग हास. पण मोठ्यानं हास."

ती मोठ्यानं हसलीसुद्धा नाही. पडद्याच्या फटीतून दिसलं, बाहेर दिवे लागायला लागले. मी उठून पिशवी उघडली.

"माय, इथं नको," लेक म्हणाली. पण अशी हळू म्हणाली की मला न ऐकल्यासारखं करता आलं.

चहाच्या बशीत गोवरीचा तुकडा ठेवला, कापराची वडी लावून पेटवला, वर डिंक टाकला. वास असा सुटला की जंगल चालत खोलीत आलं. चारी कोपरे झाले, पलंगाखालून झालं, काचेवरच्या लुगड्याला दिलं, फोनला दिलं. राहिलं छत. छताला एक पांढरी वाटी उलटी चिकटवलेली होती, तिच्यात लाल ठिपका लुकलुकत होता. मला वाटलं, देवाजवळ झिरोचा बल्ब असतो तसं काही असेल. तिला वगळणं बरं दिसलं नसतं. मी खुर्चीवर चढले आणि बशी तिच्या अगदी तोंडाशी धरली.

ती वाटी जी बोंबलली.

एक बोंबलली तर बाहेरच्या सगळ्या बोंबलायला लागल्या. बाहेर दारं आपटली, कोणी ओरडलं, "आग, आग, सीढ़ी से चलो." लेकीनं माझा हात धरला आणि ओढत नेलं. आणि इथंच त्या शहाण्या बाईनं कमाल केली. रिकाम्या घरात निखारा सोडून जायचं नसतं, एवढं तिला पक्कं शिकवलेलं. म्हणून बशी तिनं बरोबर घेतली. आम्ही जिना उतरत होतो आणि धूर आमच्याबरोबर उतरत होता. दुसऱ्या मजल्याच्या लोकांना वाटलं आग दुसऱ्यावर आली. पहिल्याच्या लोकांना वाटलं पहिल्यावर आली. जी दोन-चार दारं अजून बंद होती ती माझ्या धुरानं उघडली.

खाली गाड्या लावायच्या जागेत सगळं हॉटेल जमलं. एवढा व्यापार मी एका जागी इतक्या कमी कपड्यांत कधी पाहिला नव्हता. कोणी बनियनवर टाय घातलेला. एका जाड्या माणसाचा अर्धा चेहरा दाढीच्या फेसात. त्याच्या शेजारी एक टॉवेल गुंडाळलेला माणूस, त्यानं पँट वर सोडून बॅग तेवढी वाचवली होती आणि ती छातीशी धरली होती. बॅगेवर धानाच्या लोंबीचं चित्र होतं.

ते चित्र मी ओळखत होते. लेकीच्या बोलावण्याच्या कागदावर तेच होतं, वरच्या कोपऱ्यात.

फेसवाला टॉवेलवाल्याला म्हणत होता, "उद्या वेळेवर सुरू करायला पाहिजे हं, मुलं लांबून येणार आहेत." म्हणजे हेच. पोरीचे साहेब. आणि मी त्यांना अर्ध्या दाढीत खाली आणलं होतं. देवरीपासून बोलत आलेली बाई अशी गप्प झाली की जशी जीभच खोलीत विसरली. बशी पदराखाली लपवली. पदरातून धूर निघायला लागला.

मॅनेजर आलाच. "माताजी, ये क्या जलाया आपने?"

मी तोंड उघडलं. लेकीकडे पाहिलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पदराखालची बशी काढून हातात घेतली आणि बोलली. हिंदीत, आणि एवढ्या आवाजात की गेटजवळच्या वॉचमननंही मान वळवली.

"आग कहीं नहीं लगी है. ये सालई का गोंद है, हमारे जंगल का. मेरी माँ नई जगह में धूप दिए बिना सोती नहीं. ग़लती हमारी है, आप सबको तकलीफ़ हुई. अब सब लोग ऊपर जा सकते हैं."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. मीसुद्धा. हा आवाज आमच्या घरात इतकी वर्षं कुठं ठेवला होता, मला कळेना.

फेसवाल्या साहेबानं बशीत डोकावून वास घेतला. मराठीत विचारलं, "यानं डास जातात का हो?"

"सध्या तर माणसं गेली, सर," लेक म्हणाली. "डासांचं बघून सांगते."

टॉवेलवाला असा हसला की त्याला बॅग खाली ठेवून टॉवेल धरावा लागला.

वर आल्यावर मी ठरवलं, ते साहेब कोण आहेत हे पोरीला सांगायचं नाही. सकाळी टेबलाचे पाय बघून परत येणारच आहे, निदान झोप तरी लागू दे. एवढंच काय, मी डाळ-भातसुद्धा मुकाट्यानं खाल्ला. लेक म्हणाली, "माय, बरं नाही वाटत का तुले?"

सकाळी ती हॉलमध्ये गेली आणि मी बाहेरच्या सोफ्यावर बसले. तो सोफा माणसाला गिळायचा. मी अर्धी आत, अर्धी बाहेर, हात जोडून. आतून आधी काहीच ऐकू येईना. मला टेबलाचे पाय दिसायला लागले. आणि मग बंद दारातून तिचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण आवाज तोच कालचा. मग साहेब बोलले, मग ती, मग सगळे हसले, मग पुन्हा ती, आणि बराच वेळ तीच.

बाहेर आली तेव्हा मी सोफ्यातून उठायची धडपड करत होते. तिनं हात देऊन ओढलं.

"का विचारलं?"

"पहिलं विचारलं, डास गेले का."

"तू का म्हटलं?"

"म्हटलं, माय बशी घेऊन खाली आली म्हणून मच्छरही संगंच खाली आले."

मी डोक्याला हात लावला. "बाई, ते साहेब कोण होते ते मले कालच समजलं होतं. तू भिऊन जाशील म्हणून सांगितलं नाही."

"मलेही कालच समजलं होतं," ती म्हणाली. "बॅग पाहिली न मी. तू भिऊन जाशील म्हणून मी नाही सांगितलं."

"समजून-उमजून एवढ्या जोरानं बोलली?"

"टॉवेलातल्या माणसाले का भ्यायचं, माय."

आठवड्यानं फोन आला आणि ती नोकरीवर गेली. तेव्हापासून मी गावभर सांगते, बांधाच्या बिळातून उंदीर काढतात तसा मी माझ्या पोरीचा आवाज धूर देऊन बाहेर काढला. आता ती फोनवर बोलते तेव्हा मला फोन हातभर लांब धरावा लागतो. कधी कधी वाटतं, जरा कमी डिंक टाकायला पाहिजे होता.

पुढच्या आठवड्यात तिची रायपूरला मीटिंग आहे. हॉटेलात राहणार, आणि यावेळी मला आणि नातीलाही नेते आहे. काल तिनं माझी पिशवी उलटी करून झडती घेतली. गोवरी सापडली, ती चुलीजवळ ठेवून दिली. कापूर सापडला, तो देवाजवळ. नात हसून लोळत होती, कारण डिंक कुठं आहे ते तिला ठाऊक आहे.

मी ते इथं लिहिणार नाही. तिची माय हे वाचणार आहे.