दंडावरची राख

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मागच्या महिन्यात एक वाक्य तेवढं बोललो, तेही उभ्या उभ्या, दोनच माणसांसमोर. बाकी सगळं आत तसंच पडून आहे. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — तेच बरं. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ कशी वळते ते मला ठाऊक आहे. मास्तरकी केलेल्या माणसाची जीभ आहे, सारवासारव तिला लगेच जमते.

कुठून सुरुवात करू? सरूपासून करतो.

सरू माझी धाकटी बहीण. अमरावतीच्या शिवेला लागून आमचा मळा — वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि विहिरीच्या अंगाला झेंडू नि शेवंती. बाप मानमोडीच्या साथीत गेला. मळा मायनं सांभाळला, आणि मी शिकून गावच्याच शाळेत मास्तर झालो. सरू तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. पहाटे फुलं तोडायची आणि अंगणात बसून हार ओवायची. इतकी भराभर, की माय म्हणायची, "हिच्या सुईले पाय फुटले काय वं?" हे वाक्य आठवलं की मला अजून हसू येतं. मग त्या बोटांचं पुढं काय झालं ते आठवतं.

त्या वर्षी चांदूर रेल्वेकडून देवीची साथ आमच्याकडं सरकत होती. आमच्या गावात देवीडॉक्टर — लस टोचणाऱ्याला सगळे तसंच म्हणत — यायचा झाला, आणि पोरं गोळा करायचं काम मास्तरकडं, म्हणजे माझ्याकडं आलं. लोकांनी काय करावं? पोरं तुरीच्या वावरात लपवली. मी ऐन पंचविशीतला, चार बुकं शिकलेला, गावाला शहाणं करायला निघालेला. म्हटलं, पहिली माझी बहीण टोचून घेईल, मग तर याल?

माय आडवी येईल अशी मला धास्ती होती. ती आली नाही. तिचा हिशेब वेगळाच निघाला. म्हणाली, "देवी येऊनच राहिली गावात, तं आपुन बोलावून घेऊ. मानानं येईन, मानानं जाईन." तिच्या लेखी लस म्हणजे औषध नव्हतं, पाहुणी होती. सरूला टोचलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात फोडणीचा आवाज बंद झाला. तेल नाही, दाराला कडुलिंबाचा डहाळा, माय स्वतः भुईवर निजायची. आणि सरूच्या दंडाला तर ती बोट लावायची नाही. तिथं देवी बसलेली ना! स्वयंपाकाचे, शेणामातीचे हात त्या जागेला कसे लावायचे? ती लांबूनच त्या दंडाला हात जोडायची. पट्टी बांधायचं काम माझं. रोज आंघोळ करून, धुतलेल्या धोतराची चिंधी घेऊन मीच ती सोडायचो, मीच बांधायचो.

हे नीट ध्यानात ठेवा. सगळं त्यावर आहे.

एवढंच — माय मातामायच्या, म्हणजे देवीच्याच, ठाण्यावरून अंगारा आणायची आणि सरूच्या कपाळाला लावायची. कपाळाला. चिमूटभर. मी समोर असायचो.

ताप आला, तो सगळ्यांनाच येतो. खपली धरली, पडली, जागा स्वच्छ भरून आली. पण सरू उठली नाही. म्हणजे उठायची, दोन वाफे चालायची आणि खाली बसायची. हातपाय जड झाले म्हणायची. सांधे ठणकायचे. दुपारचं ऊन डोळ्यांना सोसेना. आधी वाटलं, आठवड्यात जाईल. मग वाटलं, महिन्यात जाईल. सुई हातात धरली की बोटं थरथरायची आणि फुलं मांडीवर सांडायची. जमलेलं लग्न मोडलं, त्याचं तिनं दुःख केलं नाही. फुलं सांडली की मात्र रडायची.

आता तो दिवस. देवीडॉक्टर दुसऱ्या खेपेला आला, राहिलेल्या पोरांसाठी. चावडीसमोर माणसं जमली आणि कोणीतरी मागून बोललंच — मास्तरनं बहिणीचं वाटोळं केलं, आता आमच्या लेकरांवर उठला काय? दोघं-तिघं हसले. देवीडॉक्टर माझ्याकडं वळला. त्याला उत्तर आधीच ठाऊक होतं, कारण सगळ्या खेड्यांत तो तेच उत्तर गोळा करत हिंडायचा. म्हणाला, घरच्यांनी काही लावलं असेल — शेण, राख?

आणि मी हो म्हणालो.

नुसतं हो म्हणून थांबलो असतो तरी एक होतं. मी म्हणालो — मायनं लावली. अंगाऱ्याची राख, दंडाला.

का म्हणालो? पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत आलो की त्या पोरांसाठी. कारण लोकांना ते पटलं, पोरं टोचली गेली, आणि साथ आली तेव्हा आमच्या गावची लेकरं वाचली. हे खरं आहे. लस टोचली याचं मला आजही वाईट वाटत नाही, उद्या पुन्हा म्हणाल तर पुन्हा पोरं गोळा करीन. पण त्या घडीला माझ्या मनात एकही पोर नव्हतं हो. ते हसणं होतं. मास्तर तोंडघशी पडला, ही गावभर होणारी गंमत होती. बस, एवढंच.

माय तिथंच होती, भाजीची टोपली घेऊन. तिनं माझ्याकडं पाहिलं. बोलली नाही. चार लोकांत लेकाला खोटं पाडणारी ती नव्हती. संध्याकाळी चुलीपुढं बसली असताना तिनं विचारलं, अगदी हळू —

"बाबू, म्या दंडाले लावली होती काय रे?"

ऐका, चावडीवरचं एक वेळ सोडून द्या. तिथं लोक होते, लाज होती, घाई होती. इथं कोण होतं? चूल आणि आम्ही दोघं. माय भांडायला आली नव्हती, खरोखर विचारत होती. आणि मी म्हणालो, "लावली असशील, माय. तुला आठवत नसेल."

तिनं थोडा विचार केला. म्हणाली, "तू शिकेल माणूस. तू म्हनतं, तं लावलीच असन."

त्या दिवसापासून ते तिचं झालं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर भांडी राखेनं घासायची सोडून ती माती कालवत बसली होती. पुढं मरेपर्यंत तिनं चुलीतली राख हातानं उचलली नाही, सुपलीनं ओढायची. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, माझ्या हाताले राख सोसत नाही. मी ते रोज पाहत होतो. रोज शाळेत जात होतो, पोरांना खरं बोलावं असं शिकवतही होतो.

सरूचं म्हणाल तर ती हट्टी निघाली. देवाच्या कोपावर तिनं भागवून घेतलं नाही, नशिबावर तर नाहीच नाही. बाजाराच्या दिवशी ती मायसोबत फुलांच्या ढिगाशी टेकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना विचारायची — तुमच्याकडं कोणी टोचल्यावर असं पडून राहिलं काय? बाया चुकचुकायच्या नि पुढं जायच्या. पण अशानं तिला दोघं सापडले. एक पातूरचा शेतकरी, एक अकोल्याची सून. दोघांनाही लस टोचल्यानंतर हेच — ताप गेला, पण ताकद परत आली नाही. सरूला इतकं हरखलेलं मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. आजार गेला नव्हता, पण तो एकटीचा राहिला नव्हता. ती म्हणाली, "दादा, आमाले तिघाले एका जागी बसवा अन पाहा. बरं नाई झालं तं नाई. पन काय झालं ते तं कोनी पाहान की नाई?"

लोक समजायचे, पोरगी लसीच्या नावानं बोटं मोडते. कधीच नाही. शेजारची पोरं टोचायला ती स्वतः पाठवायची. तिला एवढंच हवं होतं, की कोणीतरी मान डोलवून म्हणावं — हो बाई, हे तुला झालं आहे.

अकोल्याला एक मोठे डॉक्टर अशा गोष्टींत लक्ष घालतात असं कळलं. बडनेऱ्याहून गाडीनं माय, सरू नि मी गेलो. खटपट करून मी त्या दोघांनाही बोलावून घेतलं होतं, तेवढं मात्र मी केलं. डॉक्टर भला माणूस होता. तिघांना बाकावर बसवलं, गुडघे ठोकून पाहिले, मुठी आवळायला लावल्या, लिहून घेऊ लागले. वरिष्ठांना कळवतो म्हणाले, हे पाहायला हवं म्हणाले. सरूच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी तुम्हाला कसं सांगू? इतक्या वर्षांत कोणी तिच्याकडं पाहून काही लिहिलं नव्हतं.

मग त्यांनी सरूला विचारलं, जखम स्वच्छ ठेवली होती ना?

आणि माय उठली. पदर सावरून, हात जोडून म्हणाली, "डाक्टरसाहेब, खोटं कायले बोलू? राख म्याच लावली होती."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मास्तर, असं आहे का?

मी मान डोलवली.

तुम्ही विचाराल, तेव्हा तरी? तेव्हा तर खरं काढायला किती सोपं होतं. तोंडातून दोन शब्द. पण मग मायला कळलं असतं, की इतकी वर्षं ती जे ओझं वागवत होती ते तिचं नव्हतंच. तिच्या डोळ्यांना डोळा देणं मला झालं नाही. मी तिला जपलं नाही, स्वतःला जपलं. डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, मग जखमेतून विष भिनलं असणार, त्यात शोधण्यासारखं काय? ते हात धुवायला उठले. सरूची गोष्ट मिटली, आणि तिच्यासोबत बाकावरच्या त्या दोघांचीही. पातूरचा माणूस मला म्हणाला, "आमी तं कायबी लावलं नोतं, मास्तर." मी त्याला गाडीची वेळ सांगितली.

माय दोन वर्षांमागं गेली. शेवटी शेवटी तिनं सरूला जवळ बसवलं, तिच्या चोळीची बाही वर सारली आणि त्या जुन्या व्रणावर हात ठेवला. देवी बसली म्हणून ज्या जागेला तिनं कधी बोट लावलं नव्हतं, तिथं तिचा हात लागला तो तेव्हा पहिल्यांदा. म्हणाली, "माफ करजो पोरी." सरू तिच्या हाताचे मुके घेत होती. मी पायथ्याशी उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

मागच्या महिन्यात अमरावतीला नवा डॉक्टर आल्याचं सरूनंच शोधून काढलं. अजूनही शोधते ती, केस पांढरे झाले तरी. मी दमणी जुंपली. वाटेत ती म्हणाली, "दादा, मी इचार केला. राखेचं आपुन पयलेच सांगून टाकू, लपवाले नको. पन मायचं नाव नको घेऊ. तिचं मरनानंतर कायले काढा? मी सोताच लावली म्हनीन."

मी बैल हाकले. माझं खोटं मायच्या अंगावरून उतरून आता सरू आपल्या अंगावर घेत होती. मायेनं घेत होती.

डॉक्टरनंही टोचल्या जागेचं विचारलं. सरूनं तोंड उघडलं — राख... आणि मी उभा राहिलो. म्हणालो, राख कोणीच लावली नाही, पट्टी मी बांधत होतो.

डॉक्टर वयानं लहान, पण घाईचा नव्हता. त्यानं बराच वेळ पाहिलं, पुन्हा पुन्हा विचारलं. म्हणाला, टोचल्यानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. का झालं तेही आज सांगता येत नाही. पण तुमच्या घरच्यांच्या चुकीनं झालेलं नाही, आणि बाई, तुमचा आजार खरा आहे. पुढच्या महिन्यात परत या, त्या दुसऱ्या दोघांचा पत्ता लागला तर त्यांनाही आणा.

येताना सरूनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. घरी आल्यावर ती आत गेली आणि चुलीपुढं, माय बसायची त्याच जागेवर बसली. सुपली बाजूला सारली, दोन्ही हातांनी थंड राख उचलली आणि ओंजळीत धरून बसून राहिली. बोटं थरथरत होती, राख सांडत होती.

मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "हे आयकाले माय पायजे होती."