मारोतरावांचा कोट

"कोट घाला त्यांच्या अंगात," गयाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या आणि मी तिसऱ्यांदा नको म्हणाले.

कुरुंद्यात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आमची बॅच चालू होती. पंधरा बायका, सहा टॅब आणि एक प्रोजेक्टर. एका संस्थेतर्फे मी गावोगाव आठ दिवसांचा एआयचा कोर्स घेते. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, हे पहिल्या दिवशी सांगते आणि दुसऱ्या दिवसापासून तो शब्द वापरत नाही. अर्ज लिहून घेणं, खताच्या पिशवीवरचं इंग्रजी समजून घेणं, अशी कामं शिकवते. सहावा दिवस जुने फोटो साफ करण्याचा असतो.

गयाबाईंनी आणलेला फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. मागच्या रांगेत त्यांचा नवरा, मारोतराव. चेहरा नखाएवढा, त्यात उजव्या गालावर ओलीचा डाग. ते वारले तेव्हा मुलगी शीतल दहा महिन्यांची होती. घरात त्यांचा एवढाच फोटो. आता शीतलचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं आणि मांडवात खुर्चीवर ठेवायला वडिलांचा फोटो हवा होता.

कोटाचंही सांगते. या भागातल्या फोटो स्टुडिओत एक रीत आहे. माणूस गेला की घरचे कुठल्या तरी ग्रुप फोटोतलं त्याचं तोंड दाखवतात. स्टुडिओवाला ते कापून कोट-टायच्या तयार धडावर बसवतो. जन्मभर धोतर नेसलेली माणसं भिंतीवर सुटाबुटात दिसतात. मला ते आवडत नाही. आदल्याच दिवशी मी खोट्या फोटोंवर तासभर बोलले होते.

"मावशी, कोट खोटा होईल," मी म्हणाले. "आपण फक्त खरं तेच साफ करू."

"तुमी म्हंताल तसं, मॅडम."

मी फोटो टूलमध्ये टाकला. प्रॉम्प्ट लिहिला. प्रॉम्प्ट म्हणजे मशीनला दिलेली सूचना. डाग काढ, चेहरा स्पष्ट कर, कपडे बदलू नकोस. अर्ध्या मिनिटात पडद्यावर एक देखणा, तिशीतला माणूस आला. डाग गायब. सदरा तसाच. भुवयांचा केस न् केस दिसत होता.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. "अगं बया, हिरोच व्हते की गं मारोती भावजी!" कोणीतरी ओरडलं. आईबरोबर आलेली शीतल उठून पडद्याजवळ गेली आणि रडायला लागली. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून संस्थेच्या कोऑर्डिनेटर सरांना पाठवले. वर पाठवायला या बॅचची सक्सेस स्टोरी त्यांना हवीच होती.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती. गयाबाई पडद्याकडे एकदाच बघून मग मुलीकडेच बघत राहिल्या. मी विचारलं नाही. मला बरंच दिसतं, पण मी विचारत नाही. शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत झालं. मराठीत माझं वाक्य आधी मनात तयार होतं, मग तोंडात येतं, तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. कुरुंद्यात मी तीन महिने भाड्याच्या खोलीत राहून आसपासची गावं करत होते. रस्त्यावर सगळे मला "मॅडम" म्हणून वाट देत. कुणी नाव विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लास संपल्यावर गयाबाई मागे थांबल्या. मी वायर गुंडाळत होते.

"मॅडम, माणूस लई चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पण ते न्हाईत हे."

मी वायर खाली ठेवली.

"त्यांचा डावा डोळा अर्धा झाकलेला असायचा. ल्हानपणी बैलाचं शिंग लागलं व्हतं. तिकडून कोणी आलं की सगळी मान वळवून बघायचे. ह्याचे तर दोन्ही डोळे टक्क उघडे."

"काल का नाही बोललात मावशी?"

"काहून बोलू? पोरगी रडून राहिली व्हती, बाया टाळ्या वाजवून राहिल्या व्हत्या. तुमी पण खूश व्हता."

काय झालं होतं ते मला कळायला हवं होतं, कारण तेच मी शिकवते. हे टूल पुसलेलं परत आणत नाही. पुसलेलं त्याला माहीतच नसतं. त्याने लाखो चेहरे पाहिलेले असतात, आणि रिकाम्या किंवा धूसर जागी ते बहुतेकांचं जे असतं तेच भरतं. बहुतेकांचे दोन्ही डोळे सारखे असतात.

"मी म्हटलं ना, कोट करा," गयाबाई म्हणाल्या. "कोट तर खोटाच असतो, लेकराला बी ठाऊक असतं. दुकानातला हाय म्हंतेत. पण तोंडाबद्दल कोण इचारतं?"

मी खोटं म्हणून कोट नाकारला होता आणि खरं म्हणून एक परका माणूस दिला होता.

सरांना फोन केला.

"सर, तो फोटो मागे घ्यायचाय. त्यांना तो त्यांचा नवरा वाटत नाही."

"क्लियर आहे ना पण?"

"क्लियर आहे. कोणाचा आहे ते माहीत नाही."

"मॅडम, रिपोर्ट वर गेला. पुढच्या बॅचची मंजुरी त्यावर आहे. एक बाई नाही म्हणते म्हणून काय बदलायचं?"

"बाकी कोणी त्यांना रोज बघितलेलं नाही, सर."

ते म्हणाले, बघू. अजून बघतायत.

दुसऱ्या दिवशी मी मूळ फोटो हॉलच्या पायरीवर उन्हात ठेवून पुन्हा टिपला. या वेळी चेहरा मास्क केला. मास्क म्हणजे तेवढा भाग झाकायचा. इथे हात लावू नकोस, असं मशीनला सांगण्याची ती पद्धत. बाकीच्या भागासाठी कोट मागितला.

"काळा का निळा?" मी विचारलं.

"काळा. आन् टाय लाल."

"त्यांनी कधी घातला होता का कोट?"

"कुठला! लग्नात भाड्यानं आणला व्हता. बाह्यांत हातच जाईनात. तसाच वापस केला." त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

फोटो झाला. झकपक कोट, त्यावर धूसर चेहरा, गालावर डाग, डावा डोळा अर्धा. माझ्या डोळ्यांना अजिबात न जमलेलं काम. गयाबाईंनी टॅब हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मला लग्नाचं आवतण होतं. मी गेले, मांडवाच्या कडेला उभी राहिले. खुर्चीतल्या फोटोपुढून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते. ते थांबले. "मारोतीच हाय की," म्हणाले, आणि हात जोडून पुढे गेले. माझ्या मनावरचं ओझं तिथे उतरलं असतं. पण शीतलने नवरीच्या साडीत मला जवळ बोलावलं आणि मोबाइल दाखवला. तिच्या डीपीवर पहिलाच फोटो होता, टक्क डोळ्यांचा.

"मायला सांगू नका, मॅडम. तिला ते आठवतेत. मला कोण आठवतंय? मी ह्यांनाच पप्पा म्हणून राहिले दहा दिवस झाले. आता कसं काढू?"

ते पप्पा नाहीत, हे तिला माहीत होतं. सांगणार नाही, अशी मी मान हलवली आणि जेवणाच्या पंगतीत जाऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, कोणाकडच्या? मी म्हणाले, कामानिमित्त आले.

आता प्रत्येक बॅचला फोटोच्या दिवशी मी आधी एक प्रश्न विचारते: यातलं काय बदललेलं चालणार नाही? उत्तर मिळेपर्यंत टूल उघडत नाही. वेळ जातो, सरांना आवडत नाही. पण एकदा मशीनने चेहरा दिला की कुणी ना कुणी त्याला आपला म्हणतं, आणि मग तो परत घेता येत नाही.