पाचूची आंघोळ

त्या दिवशी घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर सकाळी एवढं धुकं होतं, की समोरच्या चाळीचा नळही दिसेना. मला मात्र खड्याच्या पोटातलं दिसत होतं! आता या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला?

गिरणी बंद पडल्यावर मी खडे घासायच्या कारखान्यात झाडलोटीला लागलो होतो. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण तिथे कानावर पडून दोन शब्द शिकलो. खडा म्हणायचं नाही, ‘नग’ म्हणायचं. त्याच्या कापलेल्या बाजू म्हणजे ‘पैलू’. झालं! चाळीत मी जवाहिरा!

शेजारच्या परबवहिनींनी त्यांच्या आईचा पाचू माझ्या हाती दिला. रविवारी लेकीचा साखरपुडा, अंगठीत बसवायचा होता.

"आबा, तुमच्याकडे जरा पॉलिश करून आणा. आईची एवढीच आठवण आहे हां."

कारखान्यात फेकून दिलेलं एक भिंग माझ्याजवळ होतं. त्यातून पाहतो तर काय, आत शेवाळासारख्या तारा! म्हटलं, किती वर्षांचा मळ हा! असा कसा न्यायचा? ठेवला स्टोव्हवर, घातला धुण्याचा सोडा आणि दिली चांगली उकळी.

उतरवून बघतो... अरे देवा! नगभर पांढऱ्या भेगा.

तसाच गफूरभाईंकडे गेलो. ते कारखान्यातले जुने कारागीर, मूळचे जयपूरचे.

"आबा, ये क्या किया?"

"आंघोळ घातली."

"पाचूला? सोड्याने?" कपाळावर हात मारून ते हसायलाच लागले. "अरे बाबा, त्या तारा म्हणजे मळ नाय. जमिनीत बनला तेव्हापासूनच्या हायत. आमच्या धंद्यात त्याला बाग बोलतात. बागच नसली, तर पहिला शक काचेचा!"

"आणि या भेगा?"

"त्या पण होत्याच. तेल पाजून झाकलेल्या. तुम्ही तेलच काढून टाकलं ना!"

त्यांनी नग कोमट तेलाच्या वाटीत ठेवला. मी झाडू हातात धरून दिवसभर त्या वाटीभोवती. संध्याकाळी त्यांनी तो चिमट्याने वर काढला. काय सांगू! एक भेग दिसेना. आत खरंच बाग होती, दव पडल्यासारखी. माणूस जन्माला यायच्या आधीची बाग, आणि मी ती सोड्याने धुवायला निघालो होतो! माझे हात आपसूक जोडले गेले.

घरी येऊन नग वहिनींच्या हातात ठेवला आणि सगळं खरं सांगून टाकलं. त्या आधी चांगल्याच घाबरल्या. बल्बखाली पाचू उलटसुलट पाहिला, पदराने डोळे टिपले, आणि मग माझ्या डोक्याकडे बघत म्हणाल्या,

"आबा, उद्यापासून तुम्ही पण डोक्याला तेल लावत जा हां. आतल्या भेगा दिसायच्या नाहीत!"