कॉम्प्युटरमधलं मांजर आणि दादांचं पॅनेल

आमच्या घरात हेर शिरला तो मांजराच्या रूपानं, आणि त्याला दार उघडून आत घेणारा मीच होतो.

साल नव्याण्णव. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात कॉम्प्युटर एकच, तो आमच्या माजघरात. साताऱ्याला सहा महिने क्लास करून मी तो जोडून आणला होता, आणि माझ्या मते त्या यंत्रातलं मला न कळणारं असं जगात काही शिल्लक नव्हतं. इंटरनेटवर फुकट मिळालं म्हणून मी एक मांजर उतरवून घेतलं. ते पडद्यावर फिरायचं, जांभई द्यायचं, आपण टाईप करायला लागलो की शेपटी हलवायचं. (उतरायला त्याला तीन तास लागले. तेवढ्यात खरं मांजर पाळलं असतं तर त्याला पिल्लंही झाली असती.)

त्याच दिवाळीत गावच्या सोसायटीची निवडणूक लागली. माझे वडील, दादा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. एका पॅनेलचे पुढारी ते. दुसऱ्या पॅनेलचे पुढारी त्यांचेच चुलतभाऊ भीमतात्या, आमच्यापासून चार घरं सोडून. सोसायटीत कॉम्प्युटर यायचा होता, आणि दादांचं पॅनेल आलं तर तो चालवायची नोकरी मला लागणार होती. नाही आलं तर जन्मभर उसाला पाणी पाजायचं. म्हणून दादांच्या तेरा उमेदवारांची यादी मी जिवापाड जपून टाईप केली. अर्ज भरायच्या दिवसापर्यंत ती तात्यांना कळू द्यायची नाही, एवढंच काम होतं.

यादी टाईप झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात आलं: फुकटच्या प्रोग्रॅमांबरोबर हेर येतात, कॉम्प्युटरमधलं सगळं वाचतात आणि फोनच्या तारेतून बाहेर कळवतात. मी शहाण्यासारखं मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता वाचता माझाच आवाज बारीक होत गेला.

"हेर म्हंजे?" दादांनी चहाची बशी खाली ठेवली. "आपल्या घरात?"

"आवं दादा, ते तिकडं अमेरिकेत कुठंतरी..."

"तात्याचा जावई काय करतो रं?"

तात्यांचा जावई पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्या क्षणापासून आमच्या घरात कुणी धड बूड टेकून बसलं नाही.

दादांचा पहिला हुकूम: फोनची तार काढ. ती त्यांनी आपल्या फौजी ट्रंकेत घालून वर कुलूप ठोकलं. दुसरा हुकूम: पडद्याचं तोंड भिंतीकडं. तिसरा: त्याच्यासमोर राजकारण बोलायचं नाही.

"दादा, त्याला ऐकू येत न्हाई."

"कालपतोर तुला ते वाचतंय ह्ये तरी कुठं ठावं हुतं?"

मी पडदा जरासा वळवून मांजर पुसून टाकलं. मशीन बंद करून चालू केलं. मांजर जांभई देत हजर. पुन्हा पुसलं, पुन्हा हजर. या खेपेला तर मला ते आधीपेक्षा जाड वाटलं. बायको, सुरेखा, चकलीचा सोऱ्या हातात घेऊन दारात उभी होती.

"यादी खाऊन फुगलं आसंल," ती म्हणाली आणि आत गेली.

दादा खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. बसले म्हणजे काय, दर पाच मिनिटांनी उठायचे, खिडकीतून तात्यांच्या घराकडं बघायचे, परत यायचे. शेवटी न राहवून त्यांनी स्वतःचाच हुकूम मोडला. पडदा आपल्याकडं वळवला आणि मांजराची परीक्षा म्हणून यादीतलं एकेक नाव हळूच उच्चारलं. सातव्या नावाला मांजरानं डोळा मिचकावला.

"बघ. ह्यो फुटला."

"दादा, ते दर मिनटाला मिचकावतंय."

"मग समदीच फुटली म्हण की."

तेव्हा तोडगा मीच काढला. यादी कागदावर छापायची आणि मशीनमधून कायमची पुसायची. हेराला वाचायला काही उरायलाच नको. (इतका हुशार विचार माझ्या डोक्यात त्याआधी आला नव्हता. नंतरही नाही.) आमचा प्रिंटर छापायला लागला की उसाच्या चरकात कुणी पत्रा सारल्यासारखा आवाज यायचा. तो झाकायला दादांनी रेडिओ मोठा केला, त्यामुळे आमचं काहीतरी गुपित चाललंय हे अख्ख्या आळीला कळलं.

"आता ह्यो कागद गड्यामाणसाचा हात जाणार न्हाई तिथं दडव," दादा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेलो. सगळ्यात वरच्या फळीवर चकल्यांचा डबा होता, तळाला तेल टिपायचा कागद. त्याच्याखाली यादी सारली, चकल्या परत रचल्या (चार कमी भरल्या, ते जाऊ दे), आणि कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

आमच्या भावकीची एक रीत आजवर कुठल्याही निवडणुकीनं मोडलेली नाही. पुढारी एकमेकांचं तोंड बघत नसले तरी पाडव्याच्या सकाळी फराळाचा डबा या घरातून त्या घरात जातोच. आणि वरच्या फळीवरचा डबा दरवर्षी भीमतात्यांचा, हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

पाडव्याला मला फळी मोकळी दिसली.

"आई, डबा?"

"तात्याकडं गेला की मघाच. सुरेखा दिऊन आली."

"मग... मोकळा कवा येणार?"

"खातील तवा यील. तुला काय घाई?"

पुढचे दोन दिवस मी तात्यांच्या घरावरून इतक्या येरझाऱ्या घातल्या, की त्यांचं कुत्रं माझ्यावर भुंकायचं सोडून माझ्याबरोबर फिरायला लागलं. तात्यांनी चकली खाऊ नये एवढीच माझी देवाजवळ मागणी. आणि तात्या तर आईच्या चकलीवर जीव टाकणारे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः आले. हातात तेलानं पारदर्शक झालेला कागद.

"सुभेदार, चकली झ्याक हुती. तळाचं बी वाचलं."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी मांजराकडं बघितलं. त्यानं शेपटी हलवली.

"भांडाया न्हाई आलो," तात्या म्हणाले. "ह्यातली सात माणसं माझ्या यादीत बी हायती."

दादांचा चेहरा बदलला. "कोण कोण?"

सातही जणांनी दोन्ही घरी मटण खाऊन दोन्हीकडं शब्द दिला होता. कैक वर्षांनी दोघे भाऊ एकाच वेळी एकाच माणसांवर चिडले, आणि त्या रागात मांडीला मांडी लावून बसले. साती नावांवर काट मारली. सहा दादांचे, सहा तात्यांचे, तेराव्या तात्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकी, कारण डब्याच्या तळापर्यंत पहिल्यांदा पोचल्या त्या. जागा तेरा, अर्ज तेरा, निवडणूक बिनविरोध. सगळं माझ्यामुळं झालं, म्हणून मी घसा साफ करून नोकरीचा विषय काढला.

"न्हाई," दोघं एकदम म्हणाले.

नोकरी सुरेखाला लागली. टाईप करायला तिला मीच शिकवलं होतं, त्यावर तात्या म्हणाले, "ते इसरायला तिला आठवडा दिऊ."

पहिल्याच दिवशी तिनं सोसायटीच्या कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. आता ती रिटायर झाली आहे, तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. तरी मी अधूनमधून विचारून बघतो, काय होता म्हणून.

ती म्हणते, "का, कुणाला सांगायचाय?"